गेटचा रंग कोणता?

सुखदाने जिन्यात 'येस मॅडम' म्हटलं आणि त्या दोन शब्दांपायी स्वानंदीची सहल हुकली.

शाळा नुकतीच सुटली होती, मुलांचा लोंढा खाली उतरत होता, आणि वर्गशिक्षिकेने घाईघाईत इंग्रजीत काहीतरी विचारलं. सुखदाला त्यातलं 'देवनहळ्ळी' आणि 'फ्रायडे' एवढंच कळलं. तिने हसून मान डोलावली. बाईंनी विचारलं होतं, 'म्हणजे तुम्ही तिला पाठवत नाही ना?' शुक्रवारी सगळा वर्ग देवनहळ्ळीचा किल्ला बघायला गेला आणि स्वानंदी मांडीवर डबा घेऊन शाळेतल्या आयाबाईंच्या खोलीत बसून राहिली. घरी आल्यावर ती रडली नाही. "आई, तुला इंग्लिश येत नाही हे मी मॅमना सांगून ठेवू का?" एवढंच तिने विचारलं. दुसरीतली पोर, पण आईची लाज झाकायला निघाली होती.

ते सुखदाच्या काळजाला लागलं. हिंगणघाटच्या मराठी शाळेत तिने कितीतरी वर्षं आठवीला गणित शिकवलं होतं. तिथे तिच्या तासाला दांडगट पोरंही माना खाली घालून बसत. नवऱ्याला, शुभंकरला, हेब्बाळच्या टेक पार्कमध्ये नोकरी लागली, बिऱ्हाड बेंगळुरूला आलं, आणि बाई एकाएकी मुकी झाली. कानडी येत नाही, हिंदी अडखळत, आणि इंग्रजी म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

मग तिने फोनवर एक गट शोधला. रोज सकाळी तिथे एक साधासा विषय यायचा. माझं स्वयंपाकघर, माझा शेजार, रविवारची दुपार, असलं काहीतरी. शिकणाऱ्यांनी त्यावर आठ-दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या आणि जाणत्यांनी सुधारून द्यायच्या. देशभरातल्या बायका, पोरं, दुकानदार, रिक्षावाले तिथे लिहीत. सुखदाने पहिल्या दिवशी चार ओळी लिहिल्या आणि पाठवायच्या आधी चार वेळा खोडल्या. लिहिलं होतं, मी बाजारात 'बाय वॉक' जाते.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'ऑन फूट म्हणा. चूक म्हणू नका हिला, अजून सवय नाही इतकंच.' खाली नाव होतं, मिस्टर पेशन्स.

'चूक म्हणू नका' हे वाचून तिला किती बरं वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत ती रोज लिहीत राहिली. स्वानंदी शाळेत गेली, भांडी आवरली, की जेवणाच्या टेबलापाशी बसून ती लिहायची. सुधारणारे पुष्कळ होते, पण मिस्टर पेशन्सचं उत्तर चुकायचं नाही. कधी टोचून बोलणं नाही, कधी जास्तीची सलगी नाही. फक्त एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. 'छान लिहिलंय, पण मला दिसत नाही. घरासमोर गेट आहे म्हणता. त्याचा रंग कोणता? शहाळेवाला आहे म्हणता. तो कसा आहे? तपशील लिहा. तपशिलाशिवाय भाषा आंधळी.'

सुखदातल्या शिक्षिकेला हा उपदेश पटला. तिनेही पोरांना हेच शिकवलं होतं. उत्तर नुसतं लिहू नका, पायऱ्या दाखवा. मग ती पायऱ्या दाखवू लागली. गेट निळं आहे आणि खालच्या बाजूला रंगाचे पोपडे आलेत. शहाळेवाल्याच्या गाडीखाली ट्रान्झिस्टर टांगलेला असतो आणि त्याला फक्त जुनी कानडी गाणी लागतात. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून तळ्याचा एक कोपरा दिसतो. माझी मुलगी स्वानंदी पिवळ्या व्हॅनमधून शाळेत जाते. खालच्या वसुमती अक्का मला दर गुरुवारी मल्लेश्वरमला नेतात, तिथे त्यांच्या भावाचं पितळी भांड्यांचं दुकान आहे.

प्रत्येक वेळी उत्तर यायचं, 'आता दिसू लागलं.'

दिवाळीनंतर शुभंकर कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेला. त्याच आठवड्यात गटावर विषय आला, 'शांत घर.' सुखदाने लिहिलं की नवरा परदेशी गेला आहे, संध्याकाळी मुलगी आणि मी दोघीच असतो, कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटते. लिहून झाल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. शिट्टीचं वाक्य खरंच जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाल्कनीच्या दाराला नवा पडदा लावला. स्टुलावर चढून कड्या ओवल्या, मागे सरकून बघितलं. संध्याकाळी फोनवर मिस्टर पेशन्सचा निरोप होता, गटात नाही, फक्त तिला. शांत घराच्या परिच्छेदातल्या दोन चुका नीट दाखवल्या होत्या आणि खाली एक ओळ होती.

'हिरवा पडदा छान दिसतो. पण पूर्ण ओढून घेत जाऊ नका, दिवा लागलेला कळत नाही.'

सुखदाने ते वाचलं, हसली, आणि मग तिचं हसू तिथेच थिजलं. पडद्याबद्दल तिने काही लिहिलेलं नव्हतं. पडदा दुपारीच लागला होता.

ती उठून बाल्कनीकडे गेली आणि दाराच्या अलीकडेच थांबली. बाहेर जायचं धाडस होईना. पडद्याच्या फटीतून रस्ता दिसत होता. शहाळेवाला सोललेल्या सालींचा ढीग लावत होता. दोन पोरं सायकलवरून गेली. टेक पार्कमधून सुटलेली माणसं गळ्यात ओळखपत्रं घालून बसथांब्याकडे चालली होती. नेहमीचीच संध्याकाळ होती, आणि या नेहमीच्या माणसांपैकी कुणीतरी आपल्या घराकडे बघून गेलं होतं.

"आई, कोण आहे बाहेर?" स्वानंदीने विचारलं.

"कुणी नाही. तू आत हो."

त्या संध्याकाळी तिने महिन्यांमागून महिन्यांचे आपले परिच्छेद एकापाठोपाठ एक वाचून काढले. एकेकटा परिच्छेद निष्पाप होता. एका दिवशी गेट, दुसऱ्या दिवशी तळं, तिसऱ्या दिवशी व्हॅन. पण सगळे ओळीने वाचल्यावर गणिताच्या बाईंना उत्तर दिसायला वेळ लागला नाही. कुणालाही पत्ता सापडेल, घरात माणसं किती ते कळेल, पोर कधी खाली उतरते ते कळेल. आणि या प्रत्येक पायरीपाशी त्याने तिला विचारलं होतं. रंग कोणता? किती मजले? दिसतं काय काय? आपल्या हातांनी आपण दार उघडून ठेवलं.

तिने लिहिणं बंद केलं.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी भाजी घेऊन येताना वॉचमनने तिला हाक मारली आणि खाकी कागदात बांधलेलं एक पुडकं हातात दिलं. आत इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचं एक नवंकोरं पुस्तक होतं. पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या सर्वांत गुणी विद्यार्थिनीस.'

"कोणी दिलं?"

"एक सर आले होते," वॉचमन हिंदीत म्हणाला. "चांगले होते, साहेबासारखे. विचारलं, स्वानंदीची मम्मी कुठल्या घरात राहते? मी म्हटलं, दोनशे चार." तिचा चेहरा बघून तो चाचरला. "का मॅडम? मुलीचं नाव घेतलं त्यांनी, मला वाटलं तुमचे पाहुणे असतील."

सुखदाला पुस्तक घरात न्यावंसं वाटेना. जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली, आणि तिथेही टाकवेना. टाकलं आणि तो कुठून बघत असला तर? शेवटी पिशवीत तळाशी घालून, वर कोथिंबीर ठेवून ती वर गेली. दाराला कडी घातली, वरची खिटी घातली, स्टूल ओढून दाराला लावलं. मग स्वतःच्याच त्या स्टुलाकडे बघून तिला रडू आलं.

शुभंकरचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती तोंड धुऊन, केस नीट करून बसली. त्याच्या मागे खिडकीत बर्फ दिसत होता.

"काय गं, चेहरा का असा उतरलाय?"

"डोकं दुखतंय थोडं."

"लिहितेस ना रोज? परवा तू माझ्या मॅनेजरच्या बायकोशी फोनवर बोललीस ना, ती म्हणाली, युअर वाइफ स्पीक्स सो नाइसली. मला तर खरंच वाटेना."

सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की काय होईल, तेही तिला माहीत होतं. तो घाबरेल, तिथून काही करू शकणार नाही, आणि पहिलं वाक्य म्हणेल, 'बंद कर ते सगळं.' मग पुन्हा तो जिना, पुन्हा ते 'येस मॅडम'. ती म्हणाली, "लिहिते की," आणि कॉल संपवला.

भीतीची एक खोड असते. दडवली की ती वाढते. शहाळेवाला तिला बघून हसला तर ती दचके. व्हॅनचा ड्रायव्हर स्वानंदीची बॅग घ्यायला हात पुढे करी, तेव्हा तिला वाटे, हाच नसेल ना? समोरच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ बाल्कनीत पेपर वाचत. तिला वाटे, पेपर वाचतायत की त्याच्याआडून बघतायत? सारं गाव चोर दिसू लागलं. फोनवर निरोप येत राहिले. 'आज लिहिलं नाहीत?' 'सवय मोडू नका.' 'मी वाट बघतो आहे.' भाषा तशीच सभ्य होती, आणि त्यामुळेच जास्त भयंकर वाटायची.

मग एका दुपारी स्वानंदी व्हॅनमधून उतरली आणि जिना चढता चढता म्हणाली, "आई, तुझे सर भेटले."

"कोणते सर?"

"तुझे इंग्लिशचे. शाळेच्या गेटपाशी. मला म्हणाले, मम्मी रागावली का? लिहीत का नाही? चॉकलेट देत होते, मी नाही घेतलं. तूच सांगितलंयस ना, घ्यायचं नाही म्हणून."

सुखदा जिन्यातच खाली बसली. तिने पोरीला इतकं घट्ट धरलं की स्वानंदी म्हणाली, "आई, लागतंय." मग ती उठली, पण वर दोनशे चारकडे गेली नाही. खाली उतरली आणि वसुमती अक्कांचं दार दोन्ही हातांनी वाजवू लागली.

वसुमती अक्का साठीच्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घराण्यातल्या. घरात मराठी, पण निम्मी कानडीत बुडवलेली. त्यांनी दार उघडलं, सुखदाचा चेहरा बघितला आणि आधी स्वानंदीला आत घेऊन तिच्यापुढे चकलीचा डबा ठेवला.

"आता स्वल्प बस. पाणी पी. मग सांग."

सुखदाने सगळं सांगितलं. गेटपासून चॉकलेटपर्यंत. अक्का शेवटी म्हणाल्या, "अय्यो देवा. एवढं झालं नि तू तोंड शिवून बसलीस? मी खाली आहे की, मेले काय?"

"काय सांगणार होते अक्का? त्याने धमकी दिली नाही, वाईट शब्द काढला नाही. व्याकरण सुधारलं, पुस्तक दिलं. लोक म्हणतील, तुम्हीच सगळं लिहिलंत की."

"म्हणू देत. पोरीच्या शाळेपर्यंत पोचला तो. चल, चप्पल घाल."

"कुठे?"

"स्टेशनला. आणखी कुठे?"

पोलीस ठाण्यात त्यांना दिव्यश्री नावाची तरुण उपनिरीक्षक भेटली. तिने फोनवरचे निरोप एकेक करून वाचले. पुस्तकाचं पहिलं पान बघितलं. वरवर काही दाखवलं नाही, पण स्वानंदीचा भाग आला तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"तक्रार लिहून द्या," ती म्हणाली. "कानडीत किंवा इंग्रजीत, चालेल."

अक्कांना कानडी बोलता येई, लिहिण्याचा सराव सुटलेला. सुखदाने कागद ओढला. इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिलं, आणि 'गेटपाशी' लिहिताना 'अ‍ॅट' की 'नियर' असा प्रश्न मनात उठला, तोच उत्तरही आलं, त्याच्या शब्दांत, त्याच्या सावकाश लयीत. 'नेमकी जागा असेल तर अ‍ॅट.' हा माणूस रस्त्यावरच नव्हे, तिच्या वाक्यांतही येऊन बसला होता. तिने दात आवळले आणि लिहीत राहिली. कागदाची दुसरी बाजू भरली तेव्हा तिचा पदर घामाने भिजला होता.

दिव्यश्रीने वाचून मान डोलावली. "खोट्या नावाने आहे तो. ॲपवाल्यांकडून माहिती मागवते, पण दिवस जातील. तोवर मुलीला एकटं सोडू नका. शाळेलाही मी कळवते."

"दिवस जातील," सुखदा पुटपुटली. मग तिच्या मनात जे आलं त्याची तिला स्वतःलाच भीती वाटली. "मॅडम, मी जे लिहिते तिथे तो येतो."

दिव्यश्रीने वर बघितलं.

"मी लिहीन कुठे जाणार आहे ते. तुम्ही तिथे असा."

"नको गं बाई," अक्का म्हणाल्या. "पोरीची आई तू."

"म्हणूनच अक्का."

दिव्यश्रीने पेन पुन्हा उचललं. मग तिने तीन गोष्टी निक्षून सांगितल्या. मुलगी तिथे असणार नाही. जागा भरवस्तीतली हवी. आणि इशारा केल्याशिवाय सुखदाने जागेवरून हलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गटावर विषय होता, 'माझा बाजार.' सुखदाने लिहिलं की उद्या गुरुवार, पण या वेळी मी एकटीच मल्लेश्वरमला जाणार आहे. दुकान उघडल्याबरोबर जाईन, एक समई घ्यायची आहे. आंबारंगाची साडी नेसेन, कारण पितळेच्या उजेडात तो रंग खुलतो. वाक्य न्‌ वाक्य तिने तपासलं. पाठवायचं बटण दाबलं आणि फोन पालथा घातला.

फोन लगेच थरथरला. 'आज एकही चूक नाही.' बास, एवढंच.

अक्कांचे भाऊ जयतीर्थ यांचं दुकान आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीच्या, वळणावर होतं. पुढे फुलवाल्यांची गर्दी, आत छताला टांगलेली घंगाळं, परातींच्या उतरंडी, समयांची रांग. सुखदा आंबारंगाची साडी नेसली नव्हती. साधा करडा पंजाबी ड्रेस घालून ती गल्ल्यामागच्या स्टुलावर जयतीर्थांशेजारी बसली, दुकानातली बाई बसावी तशी. दिव्यश्री सलवार-कमीजमध्ये डब्यांची झाकणं लावून बघत होती. बाहेर आणखी एक शिपाई साध्या कपड्यांत फुलांचा भाव करत होता. स्वानंदी अक्कांच्या बहिणीच्या घरी होती, तिथे शाळेच्या व्हॅनचा संबंध नव्हता.

सुखदाला दारातून येणारा प्रत्येक पुरुष तो वाटत होता. एकाने पातेलं घेतलं. एकाने भाव विचारला नि गेला. एक म्हातारा सुट्या पैशांवरून हुज्जत घालत बसला. ऊन चढलं. आता येत नाही, असं वाटून ती सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात एक माणूस आत आला.

चाळिशीचा असेल. फिकट निळा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहरा अगदी साधा. बसमध्ये शेजारी बसला असता तर तिने निवांतपणे डोळे मिटले असते. तो समयांपाशी थांबला. दुकानभर नजर फिरवली. साडी शोधत होता. मग त्याची नजर गल्ल्यामागे आली आणि तिथेच राहिली.

तो हसला. ओळखीचा हसला, वर्षानुवर्षांचा शेजारी असावा तसा.

"तुम्ही ती साडी नेसला नाहीत," तो इंग्रजीत म्हणाला. आवाज मऊ होता.

दिव्यश्रीने अजून इशारा केला नव्हता. सुखदाने स्टुलाची कड गच्च धरली.

"घाबरलात का? मी तर तुमचा शिक्षक," तो दोन पावलं पुढे आला. "पहिल्या दिवशी तुम्ही काय लिहीत होता, आठवा. आणि आता! मला तुम्हाला पत्ता विचारावासुद्धा लागला नाही. शहाळेवाल्याचा ट्रान्झिस्टर ऐकला आणि मी रस्त्यात थांबलो. वर बघितलं, सगळं तुम्ही लिहिलं तसंच होतं. इतकं चांगलं लिहिता तुम्ही."

हे तो कौतुकाने म्हणत होता. खरोखर कौतुकाने.

"माझ्या मुलीशी तुम्ही बोललात," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज फाटला होता, क्रियापद चुकलं होतं.

"बोललात नव्हे," तो म्हणाला आणि बोट उचलून चूक सुधारू लागला.

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. दिव्यश्रीने मागून त्याच्या दंडाला धरलं होतं. बाहेरचा शिपाई आत आला. एक परात घरंगळत खाली पडली आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. फुलवाल्या बायका माना वर करून बघू लागल्या. तो माणूस ओरडला नाही, झटापट केली नाही. फक्त दुखावल्यासारखा सुखदाकडे बघत राहिला, जणू दगा तिनेच दिला होता.

ठाण्यात कळलं ते एवढं. नाव अभिमन्यू, नोकरी हेब्बाळलाच, तळ्याकाठच्या एका कार्यालयात, घरी एकटा. त्याच्या फोनमध्ये निळ्या गेटचे, हिरव्या पडद्याचे, पिवळ्या व्हॅनचे फोटो होते. एका फोटोत स्वानंदी बुटाची नाडी बांधत होती. तो बघून अक्कांनी कानडीत जे म्हटलं ते दिव्यश्रीने न ऐकल्यासारखं केलं.

"सुटेल का तो?" सुखदाने विचारलं.

"जामीन मिळू शकतो," दिव्यश्री म्हणाली. खोटा दिलासा तिने दिला नाही. "तुमच्या जवळपास फिरकायचं नाही, अशी अट मी मागणार. फिरकला तर मला फोन करा, कधीही." मग ती म्हणाली, "दुसरी गोष्ट. तुम्ही एकट्या नाही. त्याच्याकडे आणखी बायकांचे परिच्छेद साठवलेले आहेत. वेगवेगळ्या गावांच्या. प्रत्येकीला त्याने तेच प्रश्न विचारलेत."

शुभंकरला तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहिणं बंद करायला लावलं असतंस."

तो नाही म्हणाला नाही. "लावलं असतं," तो म्हणाला. आणि मग, "मी परवाच्या विमानाने येतो."

तो येईपर्यंत मायलेकी अक्कांकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, दिव्यश्रीला विचारून, सुखदाने गटावर लिहिलं. विषय काय होता ते तिने बघितलंही नाही. मिस्टर पेशन्स कोण होता, त्याने काय विचारलं, मी काय काय सांगून बसले, तो कुठवर आला, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, तुम्हालाही त्याने घराबद्दल विचारलं असेल आणि काही विचित्र घडत असेल तर घरच्यांना सांगा, पोलिसांना सांगा, मला फोन करा. खाली आपला नंबर टाकला. नंबर टाकताना हात पुन्हा अडला. अजून एक तपशील. पण या वेळी तो कुणी मागितला नव्हता, आणि तो कशासाठी देतेय हे तिला ठाऊक होतं.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अक्का स्वयंपाकघरात सांबारला फोडणी घालत होत्या. सुखदाने फोन उचलला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

मग एका बाईचा आवाज आला. मोडकंतोडकं इंग्रजी, तमिळ वळणाचं. "मॅडम, आय अ‍ॅम मदुराई. ही इज सेम मॅन. ही नोज माय हाऊस."

"तो पकडला गेला आहे," सुखदा इंग्रजीत म्हणाली.

"नाही मॅडम, दुसरा कुणीतरी. आत्ता. कालपासून एक बाइक खाली उभी आहे. त्याने कुणाला सांगितलं असेल का? मी एकटी आहे. बाळ झोपलंय."

तो दुसरा माणूस खरा होता की भीतीनेच उभा केलेला, हे सुखदाला इतक्या लांबून कळणार नव्हतं. ती समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे स्वानंदीला तिचा चेहरा दिसू नये. एकेक शब्द सुटा करून, कर्ता, कर्म, क्रियापद जसं येईल तसं, ती बोलू लागली.

"दार लावा. लावलं? बाळाला घ्या. आता सांगा, शेजारी कोण?"

"ओल्ड लेडी. बट आय डोन्ट नो हर."

"मीही आधी शेजारणीला ओळखत नव्हते. फोन कट करू नका. मी आहे. खाली रस्त्यावर जायचं नाही, फक्त शेजारच्या दारापर्यंत. चला."

अक्का हातातली पळी तशीच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोनमध्ये कडी निघाल्याचा आवाज आला, बाळ कुरकुरलं, अनवाणी पावलं वाजली. मग दूर मदुराईत, कुठल्याशा जिन्यावर, दारावर थाप पडली. एकदा. पुन्हा एकदा. सुखदा फोन कानाशी दाबून, श्वास रोखून ऐकत राहिली.

पलीकडे कडी सरकली.